एकाच नावाच्या दोन लेन्सा

डॉक्टरांनी कुंदाच्या डोक्याची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि आमच्याकडे पाठ करून ते बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. कुंदा फिल्मकडे बघत होती.

"फिल्म छान आलीय," ती म्हणाली. "कडा अगदी स्वच्छ."

डॉक्टर वळले. त्यांना हसावं की नाही ते कळेना. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?"

"लेन्सा दुरुस्त करते. कॅमेऱ्याच्या. रत्नागिरीला गाडीतळाजवळ दुकान आहे. वडिलांचं होतं."

"हल्ली कामात चुका होतात?"

"नाही."

"होतात," मी म्हणालो. "नुकतीच एक झाली."

कुंदानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कुठली?"

डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं फिल्मवरचा पांढरा डाग दाखवला आणि सांगायचं ते सांगितलं. गाठ ऑपरेशन करण्यासारख्या जागी नव्हती. दोन महिने, फार तर तीन. कडेचं दिसणं आधीच गेलेलं होतं, समोरचं अजून शाबूत होतं, पण तेही लवकरच जाणार होतं. कुंदानं सगळं ऐकून घेतलं, उठली, चपला घातल्या. बाहेरच्या बाकापाशी आल्यावर ती थांबली.

"कुठली चूक?"

"अगं, आत्ता ते काय सांगत होते..."

"ते कळलं मला. तुम्ही कुठल्या चुकीबद्दल बोलत होतात?"

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालत. कोकणच्या हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, म्हणून राजापूरपासून दापोलीपर्यंतचे फोटोग्राफर आमच्याकडे यायचे. कुंदा हे काम तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या शेजारी बसून शिकली होती. जुन्या चपलेच्या रबराची चकती लेन्सच्या तोंडावर दाबून ती समोरची रिंग सोडवायची. मग एकेक स्क्रू निघेल तसा इडलीच्या ताटलीच्या खळग्यात क्रमानं ठेवायची. एका लेन्सला एक ताटली. त्या ताटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी बारा वर्षं मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात होतो. कारखाना बंद पडल्यावर तिच्या दुकानात पुढे बसायला लागलो. आलेलं गिऱ्हाईक बघायचं, चिठ्ठी लिहायची, काम झालं की लेन्स कागदात गुंडाळून द्यायची. मला लेन्समधलं काही कळत नव्हतं. लेन्स आणि बरणीचं झाकण यात फरक एवढाच, की लेन्स हातातून निसटली तर कुंदा ओरडायची.

परतीची एसटी मलकापूरच्या पुढे गेल्यावर मी तिला सांगितलं.

पंधरवड्यापूर्वी एका शनिवारी डोकं दुखतंय म्हणून ती घरी होती. लग्नाचे फोटो काढणारे भाटकर दुकानात आले. बरोबर फोटोग्राफर संघटनेचे दोघे होते. भाटकरांनी लेन्स काउंटरवर ठेवली.

"साळवी, ही बघा. माझी काच आरशासारखी होती. आतल्या पाकळ्यांना तेल आलं, तेवढं पुसायला दिली होती. आता हे डाग बघा. वहिनींच्या औषधानं वरचा थर खाल्ला."

मी लेन्स ट्यूबलाइटकडे धरली. काचेवर कोळ्याच्या पायांसारखे बारीक डाग होते. भाटकरांचा आवाज चढला होता. रस्त्यावरचे लोक आत बघायला लागले.

"मग तुम्ही काय म्हणालात?" कुंदानं विचारलं.

"म्हटलं, आवाज नको. हिला हल्ली नीट दिसत नाही. औषध जास्त वेळ राहिलं असेल."

"मला दिसत नाही म्हणालात?"

"तू दाराला आपटतेस. परवा पाणी भांड्याच्या बाहेर ओतलंस. मला वाटलं..."

"ते कडेचं. समोर ठेवलेला केस मला दिसतो. डॉक्टर काय म्हणाले आत्ता?" ती माझ्याकडे वळली. "तिघांसमोर म्हणालात?"

"हो."

"तरीच. दोन आठवड्यांत एक लेन्स आली नाही दुकानात. मी म्हणत होते, सगळ्यांच्या लेन्सा एकदम बऱ्या कशा झाल्या."

आंबा घाट सुरू झाला. पुढच्या सीटवरची बाई ओकायला लागली. कंडक्टरनं पिशवी दिली.

"भाटकर एवढ्यावर गेले?"

"त्यांची ती लेन्स ठेवून घेतली. बदल्यात दुसरी दिली."

"कुठली दुसरी?"

"आप्पांची."

कुंदानं खिडकीची काच सरकवली. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "मी आता किती दिवस आहे ते मला कळलंय. त्याचं नंतर बघू. पण माझ्या हातून काच गेली की नाही, ते मला कळलं पाहिजे. घरी गेल्यावर ती लेन्स आणून द्या."

मी आणली नाही. तिला त्रास नको, असं मी स्वतःला सांगत होतो. रोज ती विचारायची आणि रोज मी काहीतरी निमित्त काढायचो. आज दुकान उघडलं नाही, आज औषधं आणायची होती, उद्या नक्की. तिची बहीण प्रभा देवरुखहून राहायला आली. प्रभा मला म्हणाली, "भावोजी, द्या ना एकदाची ती लेन्स. मुलाच्या पत्रिकेचीसुद्धा कुणी इतकी चौकशी करत नाही."

दहाव्या दिवशी सकाळी कुंदानं पेपर हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"प्रभा, आज पेपर कोरा आलाय का गो?"

प्रभा पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवशी मी लेन्स घरी आणली.

कुंदा उशीला टेकून बसली होती. तिनं लेन्स दोन्ही हातांत घेतली, फिरवली, कानाजवळ नेऊन हलवली. मग समोरच्या काचेच्या कडेवरून नखं फिरवली.

"हाताला ही भाटकरांची वाटत नाही."

"भाटकरांचीच आहे. त्यांचं नाव आहे ना वर."

"भाटकरांचं नाव आहे?"

"म्हणजे लेन्सचं. चिठ्ठीवर मी तेच लिहिलं होतं. पन्नास एमएम, एक-चार."

"माझं भिंग घ्या आणि उजेडात बसा," ती म्हणाली. "समोरच्या रिंगवर गोल लिहिलेलं असतं. सुरुवातीपासून सगळं वाचा. काही गाळू नका."

मी खिडकीपाशी बसलो. इतकी वर्षं मी त्या दुकानात बसत होतो, पण रिंगवरचं पूर्ण कधी वाचलं नव्हतं. आधी कंपनीचं नाव होतं. ते वाचलं.

"पुढे?"

"पन्नास एमएम."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? लांबी असेल."

"समोरचं किती जवळ दिसेल ते त्यावरून कळतं. दोनशे असेल तर पलीकडच्या घराच्या वाशावरचा पक्षी जवळ येतो, अठ्ठावीस असेल तर अख्खं घर मावतं. पन्नास म्हणजे साधारण आपल्याला दिसतं तसं. म्हणजे मला पूर्वी दिसायचं तसं. पुढे?"

"एक, दोन टिंबं, एक पॉइंट चार."

"आतल्या पाकळ्यांचं तोंड किती उघडतं ते. आकडा लहान तितका उजेड जास्त. लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅश न मारता फोटो काढायचा तर ही लागते. पुढे?"

"शून्य आहे, पण त्यावर काट मारलीय. चुकून पडलं असेल, नंतर रद्द केलं असेल."

कुंदा हसली. त्या आजारपणात ती मोठ्यानं हसली ती तेवढ्या एकदाच. "अहो, जपानमध्ये बसून चुका खोडतात का ते? तो वर्तुळाचा व्यास. पुढे फिल्टर कुठल्या मापाचा बसेल ते सांगतो. पंचावन्न असेल."

"पंचावन्नच आहे. मग एम आणि सी."

"थर. काचेवर एकापेक्षा जास्त थर दिलेत, म्हणजे उजेड उडत नाही. बुरशी तोच थर खाते. आणि औषध जास्त वेळ राहिलं तर औषधही तोच खातं. आता हे बघा, इथपर्यंत जे वाचलंत ते नाव. या लेन्सच्या हजारो बहिणी आहेत आणि सगळ्यांवर हेच लिहिलंय. त्यावरून कुणाची ते कळत नाही. त्याच्यापुढे आकडे असतील, बाकीच्यांपेक्षा बारीक."

होते. मी एकेक आकडा वाचला. २३१७०८४. तिनं तो दोनदा म्हणून घेतला.

"पूर्वी सगळे लक्षात असायचे," ती म्हणाली. "त्या आठवड्यात हेच नाव असलेल्या दोन होत्या. दुसरी पावसच्या खोत मास्तरांची. बुरशीनं भरलेली. बुरशी जाईल पण डाग राहतील, असं मी मास्तरांना आधीच सांगितलं होतं."

"मास्तर तर खूश होते. आंबापोळी घेऊन आले होते मागे. म्हणाले, बाईंनी अगदी नवी करून दिली."

कुंदानं मान उशीला टेकवली. प्रभानं विचारलं, "ताई, पडतेस का जरा?"

"नवी कशी होईल?" कुंदा म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणजे आवाजाच्या दिशेनं वळली. "दुकानात माझ्या टेबलाचा डावा खण आहे. इडलीच्या ताटल्यांच्या खाली निळी वही आहे. लेन्स उघडण्याआधी मी त्यात नंबर लिहिते. समोर माणसाचं नाव, आणि आत काय होतं ते. वही घेऊन या."

"उद्या आणतो."

"आत्ता जा. उद्या मला काय ऐकू येईल आणि काय नाही, ते तुम्हाला माहीत आहे का?"

दुकान पाच मिनिटांवर होतं. मी गेलो, खण उघडला, वही काढली. तिथे उघडून बघितली नाही. घरी येईपर्यंत ती काखेत धरली होती. कुंदा तशीच बसलेली होती. प्रभा पायांशी बसून तिचे तळवे चोळत होती.

"आधी लेन्सवरचा नंबर पुन्हा वाचा."

मी वाचला.

"आता वही. मार्च महिना असेल."

मी पान काढलं. कुंदाचं अक्षर बारीक आणि सरळ. मी बोट खाली खाली नेलं. नंबर सापडला.

"आहे," मी म्हणालो.

"कुणाचं नाव आहे समोर?"

"भाटकर."

प्रभाचे हात थांबले.

"नीट बघा."

"भाटकर लिहिलंय. तुझंच अक्षर आहे."

"आत काय होतं म्हणून लिहिलंय?"

"काच स्वच्छ. पाकळ्यांना तेल."

कुंदानं हात पुढे केला. मी वही तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पानावरून बोटं फिरवली, थोडी दाबून, जणू शाई हाताला लागेल. मग वही मिटून माझ्याकडे दिली.

"म्हणजे माझंच औषध."

"असेल."

"किती वेळ ठेवलं असेन मी?"

"जाऊ दे आता."

"तुम्ही त्या दिवशी बरोबर बोललात मग," ती म्हणाली. "भाटकरांना बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"अगं, ते विसरलेसुद्धा असतील."

"मी नाही विसरले."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाटकर आले. हातात दोन शहाळी होती. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. पलंगाजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला ते बसले.

"वहिनी, काय हे. कळलं असतं तर मी आधी आलो नसतो का?"

"प्रभा, मला नीट बसव."

प्रभानं तिला खांद्याला धरून बसवलं. कुंदानं हात जोडले. भाटकर तिच्या उजवीकडे होते आणि ती समोरच्या कपाटाकडे तोंड करून बोलत होती. भाटकरांनी खुर्ची सरकवून तिच्या समोर आणली.

"भाटकर, तुमची काच माझ्या हातून गेली."

"जाऊ द्या हो वहिनी. वस्तूच ती."

"नाही, बोलू द्या मला. आप्पांच्या वेळेपासून त्या दुकानात कुणाची काच गेली नव्हती. मला वाटायचं, माझ्यापर्यंत तरी जाणार नाही. गेली. माफ करा."

"मी त्या दिवशी फार बोललो साळवींना. मलाच लाज वाटते. आप्पांची लेन्स मी परत आणून देतो."

"ती ठेवा तुम्ही. तुमचं नुकसान झालंय. वापरा मात्र, कपाटात ठेवू नका. कपाटात बुरशी धरते." ती जरा थांबली. तिला धाप लागली होती. "आणखी एक. मी यांच्यावर संशय घेतला होता. मला वाटलं, यांनीच देताना अदलाबदल केली असेल. यांचीही माफी मागायचीय. कुठे आहेत हे?"

मी दाराशी होतो. माझ्या हातात तिच्यासाठी आणलेलं पाणी होतं.

"इथे आहे," मी म्हणालो.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"साळवी, पाणी द्या त्यांना," भाटकर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मी पाणी दिलं. तिनं दोन घोट घेतले आणि आडवी झाली. त्यानंतर तिनं लेन्सचं नाव काढलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी, नऊच दिवसांनी, दुपारी अडीच वाजता, ती गेली.

वहीत त्या नंबरासमोर भाटकरांचं नाव नव्हतं. "खोत मास्तर, पावस. बुरशी भरपूर. डाग राहतील, कल्पना दिली आहे." असं लिहिलं होतं. भाटकरांचा नंबर त्याच्या दोन ओळी खाली होता. "काच स्वच्छ, पाकळ्यांना तेल" ही ओळ मी तिथून वाचून दाखवली होती.

काय झालं होतं ते मला पान बघता क्षणी आठवलं. काम झालं की कुंदा प्रत्येक लेन्सला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि गाठ स्वतः मारायची. त्या दिवशी दोन्ही लेन्सांचे दोरे तेलानं काळे झाले होते. गिऱ्हाइकाला असं देणं बरं दिसत नाही, म्हणून मी दोन्ही दोरे कापले, लेन्सा पुसल्या, नव्या कागदात गुंडाळल्या आणि वर रबर लावून त्याखाली चिठ्ठ्या सरकवल्या. कुठली चिठ्ठी कुठे, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी दोन्ही लेन्सांवर बघितलंसुद्धा. दोन्हींवर एकच लिहिलेलं होतं. तेव्हा कुठलीही कुठे लावली तरी तेच, असं मला वाटलं.

ती विचारत होती तेव्हा मी खरं का वाचलं नाही, याचं कारण मी पुष्कळ शोधलं. प्रभा तिथे होती, आणि दुकानात त्या तिघांसमोर मी आधी बोलून बसलो होतो. याच्यापलीकडे मला दुसरं सापडलेलं नाही.

कुंदाची शोकसभा संघटनेनं घेतली. भाटकर बोलायला उभे राहिले. म्हणाले, वहिनींची नजर गेली होती, हातून चूक झाली, पण मरणाच्या दारात बसून त्यांनी मला बोलावलं आणि ती कबूल केली. असा कारागीर आता होणार नाही. लोकांना ते फार आवडलं. ते अजूनही नव्या पोरांना हे सांगतात. मी एकदा पानाच्या दुकानाशी उभा होतो तेव्हा माझ्यादेखत सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खोत मास्तर आठ वर्षांपूर्वी वारले. भाटकरांची लेन्स पावसला त्यांच्या मुलीकडे आहे. त्या लेन्सचे फोटो चांगले येतात असं ऐकतो. मास्तरांची लेन्स आणि निळी वही माझ्याकडे आहे.

भाटकर आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. स्टुडिओ मुलगा चालवतो, पण ते सकाळी दहा ते एक तिथे बसतात. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं लागतात. मी त्यांना सांगितलेलं नाही.